जमिनीखालचे अरण्य

आफ्रिका खंडाचा नकाशा समोर घेऊन सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने बोट फिरविले, तर विरळ झाडीचा व अपुऱ्या पावसाचा जो लांबच लांब पट्टा लागतो त्यास साहेल असे नाव आहे. हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ किनारा असा होतो. वाळूच्या समुद्राचा हा किनारा होय. ह्याच पट्ट्यात नायजर नावाचा देश आहे. (त्याच्या दक्षिणेचा नायजेरिया देश निराळा. विद्यार्थी ह्या दोहोंची नेहमी गल्लत करतात, म्हणून आरंभीच सांगून ठेवितो.) ह्या देशास समुद्र नाही, उत्तरेचा बहुतेक भाग निर्जळ वाळवंट आहे, आणि १९६० साली फ्रेंचांच्या अमलातून मुक्त होऊन पुरती दहा वर्षेही लोटली नाहीत तोच अवर्षणाने त्यास गाठले. १९६८ पासून पाच-सहा वर्षे साहेलात गुरे मेली, विहिरी आटल्या, गावेच्या गावे पोटामागे शहरांकडे गेली. आणि १९८४ साली पुनः तोच प्रसंग ओढवला. अशा ह्या दरिद्री देशातील शेतकऱ्यांच्या रानांत पुढील सुमारे वीस वर्षांत पन्नास लाख हेक्टर जमिनीवर अदमासे वीस कोटी झाडे उभी राहिली. त्यांतील बहुतेक झाडे कोणी लाविलेली नव्हती. हे कसे घडले ते ह्या लेखात सांगावयाचे आहे.

नायजरच्या दक्षिण सीमेवर माराडी नावाचा प्रांत आहे. हौसा भाषा बोलणारे शेतकरी तेथे राहतात. आमच्या वाचकांस हा मुलूख अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. तेथील पाऊस आमच्याप्रमाणेच जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत पडतो व दख्खनच्या दुष्काळी तालुक्यांप्रमाणेच मोजका व लहरी असतो. तेथील मुख्य धान्य बाजरी. किंबहुना बाजरीचे मूळ घरच साहेल हे होय. आपण जी भाकरी खातो तिचे बी हजारो वर्षांपूर्वी त्या बाजूने हिंदुस्थानात आले. तेव्हा माराडीच्या शेतकऱ्याची गोष्ट ही एका अर्थी आपल्या भाऊबंदाचीच गोष्ट आहे.

पूर्वी ह्या शेतकऱ्यांच्या रानात झाडे असत व त्यांच्या सावलीत पीक निघे. पुढे वस्ती वाढली, नवीन जमिनी लागवडीखाली आल्या, सरपणाची मागणी वाढली. त्यातच शेत स्वच्छ, एकही खुंट नसलेले असावे, अशी शिकवण परदेशी तज्ज्ञांनी दिली. परंतु ह्या सर्वांहून घातक ठरला तो कायदा. फ्रेंच अमलात झाडांवर मालकी सरकारची ठरली, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे तीच रीत चालू राहिली. शेत माझे, पण त्यातील झाड सरकारचे. ते मी राखावे, आणि त्याची फांदी तोडली म्हणून दंडही मीच भरावा! अशा स्थितीत शहाणा शेतकरी काय करील? फुटवा जमिनीतून वर आला की कोणाच्या नजरेस पडण्यापूर्वीच तो कापून टाकील. माराडीत असेच झाले. दरवर्षी पेरणीपूर्वी शेतकरी फुटवे कापीत, जाळीत. दरवर्षी ते पुनः फुटत. वृक्षसंरक्षणासाठी केलेला कायदा वृक्षांच्या मुळावर आला, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

झाडे गेल्यावर वारा मोकळा सुटला. पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या वावटळी नुकत्याच उगवलेल्या बाजरीवर वाळूचे थर घालीत व कोवळी पाने सोलवटून काढीत. एकाच हंगामात दोनदा, तीनदा पेरणी करावी लागे. बियाणे संपले की उपासमार ठरलेली.

उपाय म्हणून रोपे लावण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. १९८१ साली टोनी रिनॉडो नावाचा एक तरुण ऑस्ट्रेलियन शेतकीतज्ज्ञ एका मिशनच्या कामावर माराडीत आला. त्यानेही प्रथम तेच केले: रोपवाटिका काढल्या, रोपे वाटली, खड्डे खणविले. बहुतेक रोपे मेली. काही उन्हाने गेली, काही वाळवीने, काही बकऱ्यांनी खाल्ली, काही वाळूखाली गडप झाली. लोकांसही त्या परक्या रोपांविषयी आस्था नव्हती. १९८३ साली तो असाच एकदा रोपे घेऊन मोटारीने एका गावी चालला असता, वाळूत चाके रुतू नयेत म्हणून टायरांतील हवा कमी करावयास थांबला. सभोवार उजाड माळ. मधून मधून खुरटी झुडपे. त्यांतील एका झुडपापाशी जाऊन त्याने पाने निरखून पाहिली, आणि त्याच्या ध्यानात आले की हे झुडूप नव्हेच. हा तोडलेल्या वृक्षाचा बुडखा असून त्यासच फुटवे आले आहेत. तशी लक्षावधी झुडपे त्या माळावर होती. अरण्य नष्ट झाले नव्हते. ते जमिनीखाली जिवंत होते.

आता येथे थोडे वनस्पतिशास्त्र पाहिले पाहिजे. वृक्ष तोडला म्हणजे त्याचे खोड जाते, मूळ जात नाही. पुष्कळ जातींच्या मुळांत व बुडख्यात पूर्वीच्या वर्षांचा अन्नसंचय साठविलेला असतो. बुडख्याच्या सालीखाली सुप्त डोळे असतात. वरचा शेंडा नाहीसा झाला की ते जागे होतात व एकदम दहा-वीस धुमारे बाहेर पडतात. मुळे आधीच खोल ओलीपर्यंत गेलेली असल्यामुळे त्यांस पहिल्या उन्हाळ्याची भीती नसते. ह्याच्या उलट रोपवाटिकेतील रोपाची स्थिती. त्यास बोट-दोन बोटे लांबीचे मूळ, संचय नाहीसारखा, आणि पाऊस संपल्यावर पुढले आठ महिने कोरडे! ज्याचे मूळ खोल गेलेले आहे तो फुटवा एका वर्षात पुरुषभर उंच होतो. रोपास तेवढे होण्यास कैक वर्षे लागतात, तीही ते जगले तर.

मग फुटवा आपोआप वृक्ष का होत नाही? कारण गर्दी. वीस धुमारे एकाच मुळाच्या संचयावर जगू पाहतात, तेव्हा एकही धड वाढत नाही. त्यातच गुरे शेंडे खातात. म्हणून कृती करावी लागते. ती अगदी साधी आहे. बुडख्याचे तीन ते पाच सरळ, जोमदार फुटवे निवडावयाचे व बाकीचे कापून टाकावयाचे. ठेवलेल्या फुटव्यांच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या धारदार हत्याराने खोडालगत छाटावयाच्या. पुढे दरवर्षी हीच छाटणी करून निघालेले लाकूड सरपणास घ्यावयाचे. एका हेक्टरात सुमारे चाळीस झाडे राखली तरी पिकास अडचण होत नाही. ह्यास रोप नको, पंप नको, कुंपण नको; लागतो तो कोयता आणि संयम.

संयम हीच अवघड वस्तू होती. आरंभी मूठभर शेतकरी तयार झाले, व शेजाऱ्यांनी त्यांची थट्टा केली. १९८४ च्या दुष्काळात कामाच्या मोबदल्यात धान्य देण्याची योजना निघाली, तेव्हा शेतात फुटवे राखणे हेही त्या कामांत धरण्यात आले. पुष्कळ गावांनी पोटासाठी झाडे राखली. दुष्काळ सरला, धान्य बंद झाले, आणि बऱ्याच जणांनी ती झाडे पुनः तोडली. परंतु सर्वांनी तोडली नाहीत. ज्यांनी ठेवली त्यांच्या बाजरीचे कणीस शेजाऱ्याने पाहिले, आणि त्यानंतर ही पद्धत धान्याच्या आमिषावाचून गावोगाव पसरली. ह्याच सुमारास स्थानिक वनाधिकाऱ्यांनी जुन्या कायद्याचा काच सैल केला: ज्याने झाड राखले त्यास त्याची छाटणी घेऊ द्यावी, असे ठरले. आमच्या मते सर्व प्रकरणातील निर्णायक गोष्ट हीच होय. नायजरच्या सरकारने २०२० साली फर्मान काढून ह्या पद्धतीस नियमबद्ध रूप दिले. पण व्यवहारात शेतकऱ्याने झाड आपले मानावयास त्यापूर्वीच प्रारंभ केला होता.

झाडांच्या जातींविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. त्या रानांत हौसा लोक ज्यास गाओ म्हणतात असा एक काटेरी वृक्ष आहे. त्याची रीत जगावेगळी. पावसाळ्यात सारी सृष्टी हिरवी झाली की हा पाने गाळतो, व कोरड्या दिवसांत पानांनी भरतो. म्हणजे बाजरी वाढत असता तो तिच्या उन्हाआड येत नाही, उलट गळलेल्या पानांचे खत तिच्या मुळाशी घालतो. आणि उन्हाळ्यात गुरांस सावली व शेंगा देतो. शिवाय डाळवर्गातील असल्यामुळे हवेतील नत्रवायू जमिनीत बांधून ठेवण्याचे कामही त्याच्या मुळांकडून होते. दुसरा वृक्ष कालगो. ह्याची पाने जोडखुरासारखी दुभागलेली असतात. हा आमच्या आपट्याचा जवळचा आप्त होय. दसऱ्यास आपण ज्याची पाने सोने म्हणून वाटतो, त्याच्या ह्या चुलतभावाच्या शेंगा व झाडपाला माराडीची गुरे खातात, आणि सालीचे दोर वळले जातात.

लाभ काय झाला, तर वाऱ्याचा जोर मोडला, एका पेरणीत पीक उभे राहू लागले, जमिनीची धूप कमी झाली. सरपणासाठी स्त्रियांस जी पायपीट करावी लागे ती पुष्कळ वाचली. २००४ साली टोळधाड व अवर्षण एकत्र येऊन पुढील वर्षी नायजरात भयंकर टंचाई पडली; त्या वेळी झाडे राखलेल्या कित्येक गावांनी लाकूड व पाला विकून धान्य आणले. पीक बुडाले तरी घर बुडू नये, हाच हवामानाच्या लहरींपुढे टिकण्याचा व्यवहारी अर्थ आहे.

ह्या गोष्टीचा विस्तार जगास बराच उशिरा कळला. ग्रे टॅपन व क्रिस राय ह्या अभ्यासकांनी जुनी विमानातून घेतलेली छायाचित्रे उपग्रहांच्या चित्रांशी ताडून पाहिली तेव्हा वर दिलेले आकडे पुढे आले. त्यांतून आणखी एक नवल दिसले. झाडे दाट झाली ती ओसाड भागात नव्हे, तर माराडी व झिंदेर ह्या दाट वस्तीच्या प्रांतांत. माणसे वाढली की झाडे कमी व्हावयाची, असे जे आपण धरून चालतो त्यास हा उघड अपवाद आहे. अर्थात १९८० नंतरच्या दशकांत साहेलात पाऊसमानही काहीसे सुधारले, त्याचा वाटा नाकारता येत नाही. परंतु तोच पाऊस पडूनही ज्या रानांत फुटवे कापले गेले तेथे झाडे आली नाहीत. सर्वांचा लाभ सारखा झाला असेही नाही. सुगीनंतर मोकळ्या रानात गुरे घालणारे फुलानी धनगर व शेतकरी ह्यांत झाडाझुडपांवरून तंटे होऊ लागले, आणि ते मिटविण्यास दोन्ही पक्षांची माणसे असलेल्या गावसमित्या नेमाव्या लागल्या.

एवढ्यावरून झाडे राखली की जगाचा वाढता उष्मा थांबेल, असे कोणी समजू नये. २०२४ हे वर्ष मोजणी सुरू झाल्यापासून सर्वांत उष्ण ठरले. त्याचे मूळ कोळसा व खनिज तेल जाळण्यात आहे, आणि त्यात नायजरच्या शेतकऱ्याचा हिस्सा अत्यल्प आहे. दुसऱ्याने पेटविलेल्या आगीची झळ सोसण्यास तो आडोसा करीत आहे, इतकेच.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात २०१६ च्या १ जुलै रोजी दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला, व २०१९ पर्यंत तो आकडा तेहतीस कोटींवर नेण्यात आला. रोपे लावू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण लावलेल्या रोपांची मोजदाद उत्साहाने होते, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेल्यांची मोजदाद करावयास फारसे कोणी जात नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने निराळा क्रम धरला. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पुकारली, गवत कापून न्यावे पण गुरे डोंगरावर सोडू नयेत असे ठरविले, आणि श्रमदानाने चर व बांध घातले. त्या डोंगरावर जे हिरवेपण आले त्यात लावलेल्या झाडांचा वाटा आहेच, परंतु कुऱ्हाडीच्या व गुरांच्या तोंडून सुटलेल्या गवताचा व मुळांचा वाटाही मोठा आहे.

तसेच प्रत्येक उघडा माळ म्हणजे उजाड जमीन, हाही समज सोडावा लागेल. सोलापूरकडील माळरान हे मूळचेच गवताचे रान होय. तेथे पूर्वी माळढोक राहत असे, आणि काळवीट व लांडगा राहतात. अशा ठिकाणी गिरिपुष्पाची दाट रांग लाविली, तर ती त्या प्राण्यांस घरातून हाकलून देण्यासारखी आहे. आधी जमिनीत काय आहे ते पाहावे; बुडखे असतील तर ते राखावेत, गवत असेल तर गवत राखावे, आणि दोन्ही नसेल तेथे खड्डा खणावा.

उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या बांधावर व पडीक रानात हे पाहणे शक्य आहे. पळस, बोर, आपटा, कडुनिंब, साग ह्यांचे तोडलेले बुडखे हुडकावे, प्रत्येकास किती फुटवे आहेत, त्यांस गुरांचे तोंड लागले आहे की कोयता, हे वहीत टिपावे, व उंची मोजून तारीख घालावी. पुढील वर्षी त्याच बुडख्यापाशी जाऊन पुनः मोजावे. मृगाआधी बांध साफ करावयाची वेळ येते, तेव्हा घरातील वडील माणसांनी त्यांतले दोन-तीन बुडखे मुलांच्या स्वाधीन करावे, आणि कोणते फुटवे ठेवावयाचे व छाटताना कोयता खालून वर कसा चालवावयाचा, म्हणजे साल सोलली जात नाही, हे स्वतः शेजारी उभे राहून दाखवावे.