सैनिकांची थडगी कशी ओळखावीत?

प्रश्न : आमच्या गावाजवळ जुन्या छावणीचं ‘गोरा कब्रस्तान’ आहे. बरेच दगड फुटलेत. त्यातली सैनिकांची थडगी कशी ओळखावीत?

उत्तर : सुरुवात दगडापासून नको, वहीपासून करा. साध्या शिपायाच्या वाट्याला अनेकदा दगड येतच नसे. नोंद मात्र होई. मुंबई इलाख्यातले पाद्री दफनांच्या नोंदी ठेवत आणि त्यांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/3’ या मालिकेत आहेत. मृत्यूची आणि दफनाची तारीख, वय, हुद्दा, पलटण आणि पुष्कळदा मृत्यूचं कारणही त्यांत सापडतं. चार-पाच दिवसांत एकाच पलटणीची नावं लागोपाठ आली आणि पुढे ‘कॉलरा’ लिहिलेलं असलं, की वाचताना हात थबकतो. ती माणसं शेजारीशेजारी पुरलेली असण्याचा संभव असतो.

वहीत जागेचा क्रमांक सहसा नसतो. म्हणून रांगेतला एखादा वाचता येणारा दगड गाठा आणि त्याच्या तारखेवरून पुढेमागे सरका. अक्षरं पुसट असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. दगड घासू नका, खडू लावू नका. आणि सैनिकांच्या बायकामुलांच्या नोंदीही उतरवून घ्या. त्यांची थडगी त्याच आवारात असतात.

मृत्यू पहिल्या महायुद्धातला असेल, तर खडकीच्या युद्धस्मारकावरही नाव शोधा. ज्यांच्या कबरी राखणं शक्य राहिलं नाही, अशा 1,800हून अधिक जणांची नावं तिथे कोरलेली आहेत.