उंदराचं औषध उघड्यावर नको, पाइपात ठेवा

भात-सोयाबीन घरात आलं की पाठोपाठ उंदीर येतात. गोणी कुरतडलेली दिसली की आपण दुकानातून औषधाची वडी आणतो आणि कोठीमागे, माळ्यावर टाकून मोकळ्या होतो. औषध म्हणतो खरं, पण ते विषच. उंदीर ती वडी ओढत कुठेही नेतो. अंगणात पडली तर कोंबडी टोचते, रांगतं मूल तोंडात घालतं.

मैत्रिणींनो, यासाठी आमिषपेटी वापरा. विकतही मिळते, पण बांधकामातून उरलेला तीन इंची पीव्हीसी पाइपाचा दोन फुटी तुकडा पुरतो. मधोमध भोकं पाडून वडी आत तारेनं घट्ट बांधा. उंदीर भिंतीच्या कडेनं चालतो, म्हणून पाइप भिंतीलगत, लेंड्या दिसतात तिथे आडवा ठेवा आणि हलू नये असा बांधा. वर लाल रंगानं ‘विष’ लिहा. कोंबडीची पिलं फिरतात तिथे मात्र ठेवूच नका, ती आत शिरतात.

पाकिटावर ‘ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के’ असं छापलेली तयार वडीच घ्या. झिंक फॉस्फाईडची काळी पूड घरात नको, तिच्यावर उतारा नाही. वडी हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून धरा.

पहिले दोन-तीन दिवस उंदीर शिवणारही नाही. नवी वस्तू दिसली की तो बिचकतो. पाइपाची जागा बदलू नका. आणि धान्य झाकून ठेवा, नाहीतर गोणी सोडून वडीकडे कोण येईल? खाल्ल्यावरही उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जातात. या विषानं रक्त गोठत नाही, आतल्या आत रक्तस्राव होतो.

हेच माणसालाही लागू. मुलानं वडी खाल्ली तरी पहिले एक-दोन दिवस ते हसत-खेळत असतं. “काही झालं नाही” म्हणून घरी थांबू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा, पाकीट सोबत घेऊन दवाखान्यात जा. या विषावर ‘व्हिटॅमिन के-१’ हा उतारा आहे, पण कोणतं विष हे डॉक्टरांना पाकिटावरूनच कळतं. म्हणून वडी संपेपर्यंत पाकीट फेकू नका.

मेलेला उंदीर उकिरड्यावर टाकू नका, मांजर-कुत्रं खातं आणि त्यालाही विष चढतं. खोल खड्ड्यात पुरा. आठवडाभर वडी कुरतडलेली दिसली नाही तर पाइप काढून घ्या.