तालमीतला श्वास



आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदी-उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्तीची जागा, लाल मातीचा हौदा. शब्द एकच, अरबीतून आलेला. आम्हाला दोन्ही अर्थ बरोबर वाटतात. जुने वस्ताद डावपेचांबरोबर शरीर ओळखायलाही शिकवीत, लचक-मुरगळ आली तर चोळून देत.

मल्लखांबाचेच पाहा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी निजामाचे अली व गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आव्हान घेऊन गेले, ते बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले आणि वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन तयारी केली, असे परंपरेने सांगतात. (आपली वांकिडी १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होती, तेव्हा टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हा प्रश्नच आहे!) मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावतात. नुसत्या जोराने आवळणारा लवकर दमून खाली येतो. टिकतो तो मांड्यांच्या पकडीवर वजन देणारा, खांदे सैल ठेवणारा, श्वास न कोंडणारा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगाला दाखविले.

चीनमध्ये ताई ची नावाची युद्धकला आहे. तिला तिकडे ‘आतली’ कला म्हणतात, कारण तिचा भर स्नायूंच्या जोरावर नसून श्वास, तोल आणि सैलपणावर असतो. सारे हळूहळू करायचे. वयस्कर माणसे नियमित ताई ची करतात तेव्हा त्यांचे पडणे कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे.

आता आपल्या घरचे बोलू. आपल्याकडे कापसाचे गाठोडे उचलायचे, पाण्याच्या घागरी वाहायच्या, दिवसभर वाकून वेचणी करायची. मागच्या उन्हाळ्यात भरलेली बादली उचलताना आमचीही कंबर धरली. चूक आमचीच. पाय सरळ, पाठ वाकलेली, श्वास कोंडलेला आणि बादली हातभर लांब! ओझे आधी अंगाजवळ घ्यावे. गुडघे व खुबे वाकवून बसावे, उचलताना हळू श्वास सोडावा. वळायचे तर कंबर न पिळता पावले वळवावीत. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब चढतो, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विशेष जपावे. वेचणीच्या वेळी मधून मधून उभे राहून कंबर मोकळी करावी.

आजी-आजोबांनी दाराची चौकट धरून एका पायावर दहा मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर. जवळ घरातले कोणी असावे. मुलांनी सूर्यनमस्कार घालावेत, पण शर्यत लावून नव्हे. आमच्या शाळेत पन्नास नमस्कार पाच मिनिटांत उरकणारे वीर आहेत. त्यांनी सहाच घालावेत, प्रत्येक स्थितीत श्वासाकडे लक्ष देऊन. झोप लागत नसेल तर पोटावर हात ठेवून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा, मन शांत व्हायला मदत होते.

एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगतो. पडल्यावर हात-पाय वाकडा दिसला, सूज वाढली किंवा पाय टेकवेना, तर चोळणाऱ्याकडे नेऊ नका. मोडलेले हाड चोळल्याने इजा वाढते. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखले तर श्वासाचे प्रयोग करीत बसू नका. वस्तादाच्या हाताबद्दल आम्हाला आदर आहे, पण एक्स-रे त्याच्या डोळ्यांत नसतो.

येत्या सोमवारपासून परिपाठानंतर दहा मिनिटे हा सराव मैदानावर घेणार आहोत. पालकांनीही यावे. मैदानाच्या कडेला लाल मातीचा लहानसा हौदा करावा, ही विश्वस्त मंडळींना विनंती आहे. माती चाळायला आठवीची मुले आताच तयार आहेत.