चौकड्यावर फूल

चौकडा आणि फुलं एकाच अंगावर शोभत नाहीत, हा समज आपल्याकडे मॅचिंग सेंटरं आली तेव्हापासून घट्ट बसला. साडी नक्षीची तर ब्लाउज प्लेनच, कुर्ता प्रिंटचा तर ओढणी एकरंगीच. आपल्या जुन्या बायका असं मानत नव्हत्या. बारीक चौकड्याचं इरकली लुगडं आणि त्यावर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी ही जोडी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालली. लुगड्याचा चौकडा, काठाची नक्षी, खणावरची ठासून भरलेली बुट्टी, अशा तीन नक्षी एकत्र येऊनही ती डोळ्यांना खुपत नसे. इथे वसईत तर कुपारी समाजातल्या बायकांचं लाल चौकड्याचं लुगडं सणासमारंभाला आजही दिसतं. म्हणजे चौकडा आपल्या घरातलाच आहे. सुरुवात त्याच्यापासूनच करावी.

साहित्य

कपाटातला एक चौकड्याचा किंवा रेघांचा कपडा, एक फुलांचा किंवा कोयरीचा, एक बारीक ठिपक्यांचा आणि एक-दोन प्लेन. मोठा आरसा, खिडकीचा उजेड, मोबाइल, पांढरा रुमाल. नवीन काहीही आणायचं नाही. आधी घरातलं जुळवून पाहायचं, मगच बाजार.

कृती

सगळे कपडे पलंगावर पसरा आणि प्रत्येकातले रंग मोजा. जमीन कुठल्या रंगाची, रेघा कुठल्या, फुलाचा देठ कुठला, फुलाच्या मधला ठिपका कुठला. ज्या दोन कपड्यांत एक तरी रंग तंतोतंत सारखा सापडेल, ते बाजूला काढा. हा सारखा रंग ठळक असायलाच हवा असं नाही. फुलाच्या देठाचा हिरवा आणि चौकड्यातल्या एका बारीक रेघेचा हिरवा जुळला तरी काम होतं.

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण जोडी फसते ती बहुतेक इथेच. समजा, तुमच्याकडे लाल-काळ्या चौकड्याचा सुती कुर्ता आहे आणि त्यावर अजरखची ओढणी घ्यायची आहे. अजरख म्हणजे कच्छची ठशांची छपाई. तिच्यात निळीचा निळा, मंजिष्ठेचा लाल, लोखंडाच्या पाण्यातून आलेला काळा आणि मधे पांढऱ्या रेषा. लाल दोन्हींत आहे, तरी घाईने जोडू नका. मंजिष्ठेचा लाल विटकरीकडे झुकतो आणि कुर्त्याचा लाल कुंकवासारखा भडक असेल, तर दोन्ही लाल शेजारी आले की ओढणी मळकी दिसते. अशा वेळी लाल सोडून द्या आणि काळ्याचा हात धरा. काळी सलवार घातली की कुर्त्यातला आणि ओढणीतला काळा वर येतो आणि लालांची भांडणं मागे पडतात.

मग नक्षीचं माप बघा. तांदळाएवढी, चिंचोक्याएवढी आणि तळहाताएवढी, अशी तीन मापं मनात ठेवा. शेजारी येणाऱ्या दोन नक्षी वेगवेगळ्या मापाच्या हव्यात. तळहाताएवढ्या फुलाबरोबर तांदळाएवढा ठिपका छान बसतो. चिंचोक्याएवढ्या फुलाशेजारी चिंचोक्याएवढाच चौकडा आला, तर नजर कुठे टेकावी ते कळत नाही. चौकड्याशी चौकडाही जमतो, पण एक बोटभर रुंद आणि दुसरा अगदी बारीक असेल तरच. सरळ रेषा आणि गोलाई यांचं चांगलं पटतं, म्हणून रेघांवर बांधणी किंवा चौकड्यावर कोयरी ही नवख्या हातालाही साधणारी जोडी आहे.

जोडी अंगावर घालून आरशापासून चार पावलं मागे जा आणि मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा. दोन्ही कपडे सारखेच करडे दिसले तर एक बदला. एक उजळ आणि एक गडद दिसायला हवा. रंगाने डोळा फसतो, या फोटोत फसत नाही.

आता मोठी नक्षी कुठे ठेवायची? जिथे लोकांची नजर जावी असं तुम्हाला वाटतं तिथे. गळ्याजवळ हवी असेल तर ओढणीवर, नको असेल तर सलवारीवर. आपल्याकडे पावसाळ्यात मात्र ठरलेलं उत्तर आहे: खाली गडद आणि तांदळाएवढी नक्षी. पापडीहून वसई रोड स्टेशन गाठेपर्यंत घोट्याशी जो चिखल उडतो, तो बारीक बुट्टीत लपतो. पांढऱ्या प्लेनवर तो दिवसभर मिरवावा लागतो.

दोन नक्षींच्या मधे थोडी विश्रांती द्या. साडीत हे काम काठ करतो. कुर्त्यात शिंप्याला सांगून गळ्याला आणि बाह्यांना त्या सारख्या रंगाचं बारीक पायपिंग लावून घ्या. चार बोटं कापडात सगळा कपडा जागेवर येतो. पुरुषांनी रेघांच्या शर्टावर ठिपक्यांचा टाय लावावा, माप वेगळं ठेवावं, बस्स.

एवढं झालं की बाजार. पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात जाताना जुन्या कपड्याची चिंधी पिशवीत ठेवा. शिलाईत दुमडलेल्या कापडातून शिंपी बोटभर तुकडा सहज काढून देतो. आठवणीतल्या रंगावर विसंबून कापड घेऊ नये. कापड ताडपत्रीखाली तर मुळीच पसंत करू नका. निळ्या ताडपत्रीखाली पिवळा हिरवट दिसतो आणि पांढरा निळसर. कापडाचं टोक धरून उन्हात न्या, चिंधी शेजारी ठेवा, मगच भाव करा. ब्लाउजला एरवी 80 सेंटिमीटर पुरतं, पण चौकडा असेल तर पूर्ण मीटर घ्या. कुशीच्या शिवणीत रेघेला रेघ मिळवायची तर कापड जास्त लागतं. हे शिंप्याला आधी सांगावं लागतं. कातरल्यावर सांगून उपयोग नाही.

सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. शेवटी पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या कडेला जोर देऊन घासा. रुमालावर रंग उतरला, तर ते कापड दोन-तीनदा थंड पाण्यात वेगळं धुवा आणि तोवर उजळ जमिनीच्या कपड्यावर घालू नका. वसईच्या उकाड्यात घामाने ओढणीचा रंग खांद्यावर उतरतो आणि तो डाग मग निघत नाही.