घाणा उतरतो त्या वेळेला जा

अगं, "नवी मुंबईत खायला काहीच नाही" हा तुझा ग्रह झालाय ना, त्याचं कारण तुझा मोबाइल. 'बेस्ट खाऊगल्ली' असं शोधायचं आणि रिक्षा करून तिकडे जायचं. घाटकोपरला जमतं ते. तिथल्या गाड्या वर्षानुवर्षं एका जागी उभ्या आहेत. आपलं शहर मात्र सिडकोनं 1970 नंतर आधी कागदावर आखलं. सेक्टर, प्लॉट, गाळे, सगळं ठरवून. त्या नकाशात वड्याच्या गाडीला जागा नव्हती. ती आपली माणसांच्या मागून गेली. तूही तेच कर. एखाद्या भागात पाऊल ठेवलंस की आधी विचार, इथं भूक कुणाला लागते आणि किती वाजता?

तुझ्या कोपरखैरण्याचंच घे. मुंबईतला घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आला, त्याच्याबरोबर माथाडी कामगारांची वस्ती कोपरखैरणे-घणसोलीत वाढली. त्यात सातारा, सांगलीकडची घरं भरपूर. आता सांग, अशा लोकांना गुळमट मिसळ कोण खपवणार? तिथं सकाळीच जा, दहाच्या आत. आधी चमचाभर रस्सा चाखायला माग, कोणी नाही म्हणत नाही. वर लाल तवंग आणि खाली नुसतं पाणी असेल तर गोड हसून निघून ये. रस्सा जमलेला असेल तर मिसळीच्या आधी कटवडा खा. माझं पक्षपाती मत आहे, पण मिसळवाल्याची खरी परीक्षा कटवड्यात होते. फरसाण नसतं ना लपायला!

वडापावचं गणित वेगळं. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी तो सुरू केला असं सांगतात, म्हणजे जन्मच गाडी पकडणाऱ्यांसाठी. त्यामुळे स्टेशनबाहेरचा वडा संध्याकाळी सहा ते आठमध्येच खावा. वाशी, नेरुळ, बेलापूर, कुठेही. लोकलमधून लोंढा उतरतो, एक घाणा निघतो न निघतो तोच दुसरा पडतो, वड्याला थंड व्हायला सवडच नसते. त्याच गाडीवर दुपारी तीनला गेलीस तर सकाळचा वडा पुन्हा तेलात बुडवून हातात येईल. हात तोच, पीठ तेच, आणि तू घरी जाऊन म्हणणार, काही खास नाही. परातीत वड्यांचा ढीग दिसला की थांबायचं. "दादा, पुढचा घाणा कधी?" एवढंच विचार. सुकी चटणी आणि तळलेली मिरची न मागता देणारा मला आवडतो, पण तो माझा लाड झाला.

तेलाकडे बघत जा. काळं, फेसाळ, नाकात झोंबणारं असेल तर पुढे चल. वापरलेल्या तेलातले पोलर घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तळायला वापरू नये असा नियम 2018 पासून आहे. तुझ्याकडे मोजायचं यंत्र नाही, नाक आहे. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून द्यायलाही मनाई आहे, पण गर्दीत कोण वाद घालणार? पर्समध्ये एक छोटा स्टीलचा डबा ठेव.

महापे एमआयडीसी म्हणजे दुपारची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत गाड्यांभोवती कंपन्यांची ओळखपत्रं गळ्यात घातलेली गर्दी असते, रविवारी तिथं चिटपाखरू नाही. खारघरचं उलट, कॉलेजची पोरं उशिरा जागी होतात, तशा गाड्याही. 2023 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोनं बेलापूरहून उत्सव चौकात उतर. पावसाळ्यात तिथं पाणीपुरीऐवजी भाजलेलं कणीस खा. पाणी कुठलं, बर्फ कुठला, हे पावसात कुणाला विचारणार? पोटाला बरं आणि डोंगरही दिसतो समोर.

एक गोष्ट मात्र तुला आईसमोर सांगितली नसती. गाडीवर एकटीनं उभं राहून खायचा संकोच वाटतो म्हणून तू पार्सल घेतेस, हे मला ठाऊक आहे. खोलीवर पोचेपर्यंत शेवपुरीचा लगदा होतो आणि दोष गाडीवाल्याला. जिथं ऑफिसच्या बायका खांद्याला पर्स अडकवून खातायत अशी गाडी निवड, दिव्याखालची. पहिल्या दिवशी कोपऱ्यात उभी राहशील, पुढच्या आठवड्यात तो तुला न विचारता 'मीडियम तिखट' करून देईल. पाणीपुरीनंतरची सुकी पुरी हक्कानं मागायची, लाजायचं नाही. कोणी टक लावून बघत असेल तर पैसे देऊन सरळ निघायचं, प्लेट अर्धी राहिली तरी. पुरी पुन्हा मिळते.

शनिवारी संध्याकाळी मी मोकळी आहे. सात वाजता वाशी स्टेशनला ये, आणि सुट्टे पैसे आण. घरून खाऊन आलीस तर परत पाठवीन.