खडक अर्धवट कसा वितळतो?

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरातील मुलांना एकच खडक ठाऊक असतो, तो म्हणजे काळा पाषाण. खडकांचा पाठ शिकविताना "जमिनीखाली सर्वत्र तप्त रसाचा समुद्र आहे" असे सहज सांगितले जाते. हे विधान चुकीचे आहे. पृथ्वीचे कवच व त्याखालील प्रावरण बहुतांशी घन आहे. खडक वितळतो तो काही ठिकाणीच, आणि तेथेही बहुधा अंशतः. मनात एकदा रुजलेली चुकीची कल्पना पुढे निघणे कठीण; म्हणून शिक्षकांनी हा भाग आरंभीच स्पष्ट करावा.

पट्टिताश्मासारखा रूपांतरित खडक अनेक खनिजांचा बनलेला असतो. कवचात खोलवर उष्णता सुमारे ६५० ते ८५० अंश सेल्सिअस झाली, की गारगोटी व फेल्स्पार यांचा काही अंश प्रथम वितळतो. अभ्रकात बद्ध असलेले पाणी मुक्त झाल्यास वितळणे सुलभ होते. गडद खनिजे मात्र बहुतांशी घनच राहतात. हा रस तेथेच थिजला, तर फिकट व गडद पट्ट्यांचा खडक तयार होतो. त्यास मिग्मटाइट म्हणतात. रस एकत्र होऊन वर सरकला व थिजला, तर ग्रॅनाइट बनतो.

अंबरनाथचे शिवमंदिर (शके ९८२, इ. स. १०६०) व चंदेरीचा कडा काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे आहेत. हा खडक रूपांतरित नव्हे, अग्निजन्य आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी प्रावरणातील खडक वर येताना दाब कमी झाल्याने अंशतः वितळला. त्याचाच रस लाव्हारूपाने येथे पसरला. कोयना भागात २०१७ साली ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा एक किलोमीटरहून जाड बेसाल्टखाली ग्रॅनाइट व पट्टिताश्म आढळले. नागपूर-भंडारा भागात असे प्राचीन खडक पृष्ठभागावरच दिसतात.

प्रयोग : वाटीत थिजलेले तूप व मेणबत्तीचे बारीक तुकडे मिसळावेत. वाटी हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात ठेवावी. तूप पातळ होते, मेण घनच राहते. चमच्याने दाबून वाटी कलती करताच तूप एका बाजूस जमते. एका मिश्रणातून दोन पदार्थ कसे वेगळे झाले, हे मुलांना स्वतः सांगू द्यावे.

या दाखल्याची मर्यादाही सांगावी. खडकातील खनिजे केवळ आपापल्या उष्णतामानास वितळत नाहीत. एकत्र असल्याने ती कमी उष्णतेत वितळतात. बर्फात मीठ घातले असता बर्फ शून्य अंशाखालीही वितळतो, हे उदाहरण येथे उपयोगी पडेल.

उजळणीसाठी प्रश्न :
१. मिग्मटाइटमधील फिकट पट्टे कशाचे बनतात?
२. मंदिराचा दगड व पट्टिताश्म यांत भेद कोणता?
३. पृथ्वीच्या पोटात रसाचा समुद्र आहे, हे म्हणणे अयोग्य का?