जन्मजात व्यंग : पित्याचाही वाटा

अपत्य व्यंग घेऊन जन्मले की दोष मातेच्या माथी मारला जातो. शास्त्र मात्र निराळे सांगते. बालकाच्या ४६ गुणसूत्रांपैकी २३ पित्याच्या शुक्रजंतूतून येतात. पित्याचे वय वाढते तसे शुक्रजंतूंच्या जनुकांतील नवे बदलही वाढतात. वर्षाला सुमारे दोन, असे २०१२ साली आइसलँडमधील संशोधनात आढळले. यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. तथापि हाडांची वाढ खुंटून येणारा बुटकेपणाचा एक विकार प्रायः अशाच बदलातून उद्भवतो.

रसायनेही शुक्रजंतूंस बाधक ठरू शकतात. डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक हाताळणाऱ्या कॅलिफोर्नियातील कामगारांचे शुक्रजंतू घटल्याचे १९७७ मध्ये उघडकीस आले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी बागाइतदारांनीही फवारणीच्या वेळी मुखपट्टी व हातमोजे अवश्य वापरावेत. शुक्रजंतूची घडण सुमारे अडीच महिने चालते. म्हणून अपत्याचा विचार असल्यास पुरुषाने किमान तीन महिने आधीच तंबाखू व मद्य वर्ज्य करावे.

बालकात व्यंग आढळल्यास २०१३ मध्ये पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मोफत तपासणी व उपचार मिळतात. दोषारोप टाळून पतिपत्नी दोघांनीही वैद्यकीय सल्ला घ्यावा, हेच हिताचे.